विश्लेषण : ‘मकोका लावा’ म्हणजे नेमके काय मागितले जाते? सराईत गुन्हेगारांची शिक्षा आणि बीडचा खटला

१३ जानेवारी २०२५ रोजी बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात, मस्साजोग गावात, खून झालेले सरपंच संतोष देशमुख यांचे बंधू पाण्याच्या टाकीवर चढले. खाली गाव जमले होते, पोलीस विनवण्या करत होते. मागणी मुख्यतः एका शब्दाची होती : मकोका. इतर आरोपींवर तो दोनच दिवस आधी लागला होता, तो वाल्मिक कराडवरही लावा, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी, १४ जानेवारीला, तो लागला.

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातल्या कुठल्याही मोर्चात हा शब्द ऐकू येतो. ‘सराईत गुन्हेगार आहे, मकोका लावा.’ ऐकणाऱ्याचा समज असा होतो की, साध्या कलमाखाली कमी शिक्षा होते आणि मकोकाखाली जास्त. पुन:पुन्हा गुन्हे करणाऱ्याला कायदा या मार्गाने दामदुपटीने शिक्षा देतो. खुनाच्या बाबतीत हा समज जवळजवळ पूर्ण चुकीचा आहे. मकोकाचा कडकपणा खरा आहे, पण तो दुसऱ्याच ठिकाणी आहे.

प्रकरण थोडक्यात

९ डिसेंबर २०२४ रोजी देशमुख यांचे अपहरण झाले आणि त्याच दिवशी त्यांचा मृतदेह सापडला. तपासयंत्रणेच्या म्हणण्यानुसार मूळ एका पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीत आहे. त्या वादात सरपंच आडवे आले म्हणून त्यांना संपवण्यात आले. कराड ३१ डिसेंबरला पुण्यात सीआयडीला शरण आला. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी आरोपपत्र दाखल झाले, त्यात तो पहिल्या क्रमांकाचा आरोपी आहे. काही दिवसांतच मारहाणीची छायाचित्रे बाहेर आली, महाराष्ट्र हादरला आणि ४ मार्चला तत्कालीन मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. सरकारची बाजू मांडण्यासाठी ज्येष्ठ वकील उज्ज्वल निकम यांची नेमणूक झाली. हे सगळे आरोप आहेत. ते सिद्ध होतात की नाही, हे बीडच्या विशेष न्यायालयाने ठरवायचे आहे.

खुनाला मकोकात जास्त शिक्षा आहे का?

नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ नुसार खुनाला फाशी किंवा जन्मठेप. मकोकाच्या कलम ३ नुसार संघटित गुन्ह्यात मृत्यू झाला असेल तर फाशी किंवा जन्मठेप, वर किमान एक लाख रुपये दंड. फरक असेल तर तो दंडाचा.

खून नसलेल्या गुन्ह्यात मात्र फरक मोठा आहे. मकोकाखाली संघटित गुन्ह्याला किमान पाच वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप आणि किमान पाच लाख दंड. टोळीचा नुसता सदस्य असणे हासुद्धा त्याच शिक्षेचा गुन्हा. गुन्ह्याच्या पैशातून घेतलेली मालमत्ता जवळ बाळगली तरी किमान तीन वर्षे. तेव्हा खंडणीच्या प्रकरणात मकोका शिक्षा वाढवतो, खुनाच्या प्रकरणात नाही.

मग आधीचा गुन्हा शिक्षेत मोजला जातो तो कुठे?

मोजक्या ठिकाणी, आणि त्या जागा पाहिल्या की नवल वाटते. न्याय संहितेचे कलम १३ (जुन्या दंडविधानातले कलम ७५) सांगते की, नाणी-नोटांचे किंवा मालमत्तेविरुद्धचे, तीन वर्षे वा अधिक शिक्षेचे गुन्हे करून एकदा दोषी ठरलेल्या माणसाने पुन्हा तसाच गुन्हा केला, तर त्याला जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे कलम इंग्रजांनी १८६० मध्ये लिहिले, तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर खोटी नाणी पाडणारा, चोर आणि दरोडेखोर होता. मारहाण, जीवघेणा हल्ला, खून यांतले काहीही त्यात येत नाही. चोरीच्या कलमातही दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे. म्हणजे दुसऱ्यांदा मोटारसायकल चोरणाऱ्यासाठी कायद्यात ठरलेली वाढीव शिक्षा आहे, आणि दुसऱ्यांदा कोणाचे हातपाय मोडणाऱ्यासाठी तशी नाही!

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. खंडणी हा मालमत्तेविरुद्धचाच गुन्हा आहे. एकदा खंडणीत दोषी ठरलेला माणूस दुसऱ्यांदा खंडणीत दोषी ठरला, तर आजच्या साध्या कायद्यातसुद्धा त्याला जन्मठेप होऊ शकते, त्यासाठी मकोका लागत नाही. हे कलम फारसे ऐकिवात नाही, कारण त्याची पहिली अट असते : आधी एकदा शिक्षा व्हायला हवी. गुन्हा दाखल होणे पुरेसे नाही, दोषी ठरणे हवे. घोडे तिथेच अडते.

खुनासाठी एकेकाळी याहून कडक तरतूद होती. जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याने खून केला तर फाशीच, दुसरा पर्याय नाही, असे जुने कलम ३०३ सांगत होते. १९८३ मध्ये मिठू विरुद्ध पंजाब या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. न्यायाधीशाला परिस्थिती पाहूच न देता फाशी देणे घटनेत बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आता संहितेच्या कलम १०४ मध्ये अशा कैद्याला फाशी किंवा मरेपर्यंतचा तुरुंगवास आहे.

बलात्काराच्या बाबतीत २०१३ मध्ये कलम ३७६-ई आले (आता संहितेचे कलम ७१) : पुन्हा दोषी ठरल्यास उरलेले सगळे आयुष्य तुरुंगात किंवा फाशी. त्याचा गाजलेला वापर मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात झाला. २०१३ च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये त्याच आवारात दोन सामूहिक बलात्कार झाले. तीन आरोपी दोन्ही खटल्यांत होते आणि दोन्हींत मार्च २०१४ मध्ये दोषी ठरले. पहिल्यात जन्मठेप झाल्यावर दुसऱ्यात ३७६-ई लावून ४ एप्रिल २०१४ रोजी फाशी सुनावली गेली. यावर कायद्याच्या वर्तुळात बरीच चर्चा झाली. एकदा शिक्षा भोगूनही न सुधारलेला तो ‘पुन्हा गुन्हा करणारा’ मानायचा, की एका पाठोपाठ दोन गुन्हे करून एकाच वेळी पकडला गेलेलाही? उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलम वैध ठरवले आणि २५ नोव्हेंबर २०२१ रोजी तिघांची फाशी मरेपर्यंतच्या जन्मठेपेत बदलली.

एरवी जुन्या गुन्ह्यांचे काय होते? खटल्यात ‘हा माणूस पहिल्यापासून असाच आहे’ असे सांगून खून सिद्ध करता येत नाही. पुराव्याचा कायदा ते चालू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. नाहीतर गावातल्या बदनाम माणसाच्या गळ्यात प्रत्येक गुन्हा बांधता येईल. वाढीव शिक्षेसाठी जुनी शिक्षा दाखवायची असेल तर तीही आरोपी नव्या गुन्ह्यात दोषी ठरल्यावरच न्यायालयापुढे येते. मग शिक्षा किती द्यायची हे ठरवताना न्यायाधीश तिचा विचार करू शकतात. पण किती वाढवायची याचे मोजमाप आपल्याकडे नाही.

मकोकात मोजतात ते काय?

महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा १९९९ चा. तो मुंबईच्या टोळीयुद्धासाठी, खंडणीसाठी फोन करणाऱ्या आणि भररस्त्यात गोळ्या घालणाऱ्या टोळ्यांसाठी आला. तिथेही हीच अडचण होती : गुन्हे डझनांनी, शिक्षा शून्य. साक्षीदार उभे राहत नसत. म्हणून कायदा करणाऱ्यांनी मोजण्याचे एकक बदलले. दोषसिद्धी मोजायची नाही, आरोपपत्र मोजायचे.

‘सततचे बेकायदेशीर कृत्य’ अशी व्याख्या आहे. तीन वर्षे किंवा अधिक शिक्षेचा दखलपात्र गुन्हा; मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे; आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली. पुढे त्या खटल्यांचे काय झाले, याचा या व्याख्येत उल्लेखच नाही. शिवाय ते कृत्य टोळीच्या वतीने, हिंसा किंवा धाक वापरून, आर्थिक किंवा अन्य लाभासाठी केलेले असावे. टोळी म्हणजे किमान दोन माणसे.

आता उदाहरण घेऊ. ‘क’ वर २०१८ चे खंडणीचे आरोपपत्र आहे, ‘ख’ वर २०२१ चे अपहरणाचे, दोन्ही एकाच टोळीसाठी केलेल्या गुन्ह्यांचे. ‘ग’ च्या नावावर काहीच नाही, तो २०२४ मध्ये पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेला. ‘ग’ वर मकोका लागू शकतो का? शकतो. दोन आरोपपत्रे टोळीविरुद्ध हवीत, प्रत्येक माणसाविरुद्ध नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गौरी लंकेश खून प्रकरणात (कर्नाटकाचा कायदा आपल्यासारखाच आहे) आणि २०२२ मध्ये झाकीर मिरजकर प्रकरणात स्पष्ट केले. ‘ग’ चा टोळीशी संबंध मात्र दाखवावा लागतो.

थोडक्यात, मकोका सराईत माणूस शोधत नाही, सराईत टोळी शोधतो. ‘माझ्या पक्षकारावर त्या दिवसापर्यंत असा गुन्हाच नव्हता’ हा बचाव म्हणूनच कमकुवत पडतो. उलट बाजूने, जुनी आरोपपत्रे आहेत पण ती त्याच टोळीची नाहीत, वेगवेगळ्या वैयक्तिक भांडणांची आहेत, हे दाखवता आले तर मकोकाचा पाया ढासळतो. या मोजणीवर प्रकरणे कशी उलटसुलट होतात, हे २००८ च्या मालेगाव बॉम्बस्फोट खटल्यात दिसले. विशेष न्यायालयाने जुलै २००९ मध्ये आधीच्या आरोपपत्रांची अट पुरी होत नाही म्हणून मकोका काढला, उच्च न्यायालयाने २०१० मध्ये परत लावला, आणि २०१६ मध्ये एनआयएने स्वतःच वगळला. सात वर्षे या एका प्रश्नाभोवती गेली.

कडकपणा निकालाच्या आधी आहे

मस्साजोगच्या टाकीवरून जे मागितले जात होते, ते खरे म्हणजे इथे आहे. मकोकात अटकपूर्व जामीन नाही. नियमित जामिनासाठी न्यायालयाची दोन बाबतींत खात्री पटावी लागते : आरोपी दोषी नाही असे मानायला सबळ कारण आहे, आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही. खटला सुरू होण्याआधी पहिली गोष्ट दाखवणे किती अवघड, हे सांगायला नको. आरोपपत्रासाठी पोलिसांना ९० ऐवजी १८० दिवस मिळू शकतात. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरतो, तोही बरोबरच्या आरोपींविरुद्धसुद्धा; एरवी पोलिसांपुढच्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते.

देशमुख प्रकरणात वाढीव मुदतीची गरजही पडली नाही, आरोपपत्र ८० दिवसांत आले. खरा परिणाम जामिनावर झाला.

हा कायदा शिक्षेसाठी मागितला जात नाही, याचा आणखी एक पुरावा आहे. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेतच संघटित गुन्हेगारीचे कलम १११ आले आहे. दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे ही अट त्यातही आहे, मृत्यू झाल्यास फाशी किंवा जन्मठेप त्यातही आहे, आणि दंड तर किमान दहा लाख, मकोकाच्या दहापट. खून डिसेंबर २०२४ मधला, म्हणजे हे कलम तेव्हा हाताशी होते. तरी मोर्चे मकोकासाठीच निघाले. कारण कलम १११ ला जामिनाची ती दोन कुलपे नाहीत आणि कबुलीजबाबाची सवलतही नाही.

गावकऱ्यांच्या जागी उभे राहून पाहिले तर ही मागणी समजते. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची तो महिन्या-दोन महिन्यांत जामिनावर सुटून चौकात चहा प्यायला बसणार असेल, तर साक्ष कोण देईल? गावात साक्षीदार आणि आरोपी एकाच रस्त्याने शेतात जातात. शहरातल्या माणसाला ‘साक्षीदार फितूर झाला’ हा बातमीतला शब्द वाटतो. खेड्यात ती रोज संध्याकाळी घरी परतण्याची गोष्ट असते.

याची किंमत कोण मोजतो?

निकालाआधीचा कडकपणा दोषी आणि निर्दोष यांत फरक करत नाही. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक माणसे मेली. मकोका न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवले, त्यातल्या पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्व १२ जणांची निर्दोष मुक्तता केली. मकोकाखाली नोंदवलेले कबुलीजबाब न्यायालयाने विश्वासार्ह मानले नाहीत. ते छळ करून घेतल्याच्या आरोपात तथ्य दिसते आणि वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांत मजकूर सारखाच आहे, अशी कारणे निकालात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. एकोणीस वर्षे तुरुंगात गेली ती गेली, आणि स्फोटात मेलेल्यांच्या घरच्यांनाही न्याय मिळाला नाही.

दुसऱ्या टोकाला अरुण गवळीचे प्रकरण आहे. नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या मार्च २००७ मधील खुनात मकोका न्यायालयाने २०१२ मध्ये त्याला जन्मठेप दिली आणि उच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. तेव्हा मकोका नुसता डांबून ठेवतो, शिक्षा होत नाही, असेही नाही.

‘सराईत’ कोणाला म्हणायचे?

हा शब्द बीडमध्ये जपून वापरायला हवा, कारण इथे तो फार जुना आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी आणि इतर अनेक जमातींना जन्मतःच सराईत ठरवले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड पिढ्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या, पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर जात गेली, दोषसिद्धीची अट आली. पोलीस ठाण्याच्या वहिवाटीत मात्र गावात चोरी झाली की पालावर जाण्याची सवय राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, देशमुख यांच्या खुनाच्या दोन महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगातल्या जातीय भेदभावावर निकाल देताना या जमातींना सराईत धरण्याच्या प्रथेवरही बोट ठेवले. पालावरचा माणूस एका आरोपपत्राशिवाय सराईत ठरायचा, आणि वजनदार माणूस डझनभर आरोपपत्रांनंतरही ‘कार्यकर्ता’ राहायचा, हे मराठवाड्यात कोणाला नवीन नाही.

मकोकाच्या खालच्या पायरीवरची हत्यारेही आहेत. पोलीस कायद्याखालची तडीपारी दोन वर्षांपर्यंत. बीडचा तडीपार शेजारच्या जिल्ह्यात राहतो आणि फोन तिथूनही लागतो, हे वेगळे सांगायला नको. १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली जिल्हाधिकारी धोकादायक व्यक्तीला, २०१५ नंतर वाळूतस्करालाही, एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करू शकतात. असे लोक सहसा छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल कारागृहात जातात. ही शिक्षा नव्हेच. खटला न चालवता काही महिने शांतता विकत घेण्याचा हा मार्ग आहे. वर्ष संपते, माणूस परत येतो, आणि त्याचे मूळ खटले होते तिथेच असतात.

शिक्षाच वाढवली तर?

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने १९९४ मध्ये ते करून पाहिले. आधीचे दोन गंभीर गुन्हे असतील तर तिसऱ्याला, तो कितीही किरकोळ असो, किमान २५ वर्षे ते जन्मठेप. गोल्फच्या तीन काठ्या चोरणाऱ्याला ही शिक्षा झाली आणि २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायमही ठेवली. तुरुंग भरले; शेवटी २०१२ मध्ये मतदारांनीच कौल देऊन तिसरा गुन्हाही गंभीर किंवा हिंसक असला पाहिजे अशी दुरुस्ती केली. त्या कायद्यात चूक काहीही असो, तिथे मोजली जात होती ती दोषसिद्धी. म्हणजे पहिले दोन खटले पूर्ण होऊन निकाल लागलेले असत. आपली अडचण त्याच्या एक पायरी आधीची आहे. पहिला खटलाच संपत नाही, म्हणून तिसरा गुन्हाही कागदावर ‘पहिला’च राहतो. कलम १३ कितीही वाढवले, त्यात खून आणि जीवघेणा हल्ला घातला, तरी ते लागू करायला एक जुनी शिक्षा लागेल.

बीडच्या खटल्याकडे पाहताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतील. पहिला : खून कोणी केला, कट कोणी रचला? दुसरा : दहा वर्षांतली जुनी आरोपपत्रे आणि हा खून यांना जोडणारी एकच टोळी सरकार पक्षाला दाखवता येते का? कराडचा दोषमुक्तीचा अर्ज विशेष न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळला. पण खटला चालवण्याइतका आधार आहे, एवढाच अशा टप्प्यावरच्या आदेशाचा अर्थ असतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शेवटी ‘नाही’ आले, तरी पहिला प्रश्न संपत नाही. मकोका न्यायालयाला इतर कायद्यांखालच्या गुन्ह्यातही शिक्षा देता येते, आणि खुनाचे कलम १०३ आपल्या जागी राहते, त्याच फाशी किंवा जन्मठेपेसह.